'स्मृतिचित्रे'तील वाट आणि भरवसा : एक पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर (१९३६) वाचकांच्या हाती आला. मराठी आत्मचरित्रवाङ्मयात या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. मात्र त्याविषयी बोलताना आपण बहुधा लेखिकेचा विनोद, प्रांजळपणा, बोली भाषेचा सहज वापर आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे विलक्षण व्यक्तिचित्र एवढ्याच गोष्टींपाशी थांबतो. ग्रंथ ख्रिस्ती आहे ही बाब चरित्रविषयक तपशील म्हणून नोंदवली जाते आणि चर्चा पुढे सरकते. परिणामी हे एका श्रद्धेच्या वाढीचे कथन आहे, आणि ती वाढ प्रवासांच्या आधाराने सांगितली आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ईश्वरावर भरवसा ठेवून घराबाहेर पडणे ही ख्रिस्ती मिशनकार्याची जुनी कल्पना आहे. 'स्मृतिचित्रे' त्या कल्पनेची परीक्षा घरात राहिलेल्या माणसाच्या बाजूने घेते, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

मिशनप्रवासाच्या वृत्तान्तांचा एक ठरीव साचा असतो. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रतिनिधी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांपैकी हॉल १८२६ साली प्रचारदौऱ्यावर असताना पटकीने वारले. तेव्हापासून दौरा हा या मिशनच्या जीवनक्रमाचाच भाग होता. संकट येते, प्रवासी प्रार्थना करतो, मदत मिळते आणि श्रद्धा दृढ होते, असा या वृत्तान्तांचा सर्वसाधारण क्रम आहे. मदत मिळाली नाही तर प्रवासी हुतात्मा ठरतो. दोन्ही प्रसंगी कथनाचा केंद्रबिंदू चालणारा माणूसच राहतो. त्याच्या पाठीमागे कोण राहिले व त्यांनी दिवस कसे काढले, हे अशा वृत्तान्तांत सहसा एखाद्या वाक्यात आटोपते. मराठी ख्रिस्ती गद्याने मात्र आरंभीच वेगळी दिशा घेतली होती. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत फिरणारी स्त्री आहे आणि वाटेत तिला भेटतात त्या विधवांच्या कहाण्या. तेथे पर्यटन हे पाहण्याचे साधन आहे. पण यमुना ही लेखकाच्या हेतूसाठी फिरते, तिच्या पायांना धूळ लागत नाही. ती धूळ मराठीत प्रथम लक्ष्मीबाईंच्या पानांवर दिसते.

टिळकांचे (१८६१-१९१९) जीवन हा जणू एक अखंड प्रवासच होता. बिऱ्हाड मोडणे, नोकरी सोडणे, कोणास न सांगता निघून जाणे हे त्यांच्या स्वभावातच होते. त्यांच्या धर्मांतराची सुरुवातही आगगाडीत झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकारांच्या दृष्टीने ही एका शोधयात्रेची परिणती होय, आणि त्यात असत्य काही नाही. परंतु त्याच दिवशी लहान मुलासह माहेरच्या आश्रयाला असलेल्या एका स्त्रीचे जग कोसळले, हेही तितकेच सत्य आहे. लक्ष्मीबाई ही दोन्ही सत्ये शेजारी शेजारी ठेवतात. एकाने दुसऱ्याचे खंडन करावे अशी धडपड त्या करीत नाहीत. हा संयम मला या ग्रंथाचा सर्वांत मोठा वाङ्मयीन गुण वाटतो. विनोदाचा क्रम त्याच्या नंतरचा.

पुढील सुमारे पाच वर्षांचा भाग विशेष अभ्यासण्याजोगा आहे. या काळात लक्ष्मीबाईंना नातेवाइकांच्या घरी आणि पंढरपूरसारख्या क्षेत्री राहावे लागले. पंढरपूर हे वाटचालीचे गाव. तेथे लोक येतात, दर्शन घेतात आणि परत जातात. ज्या स्त्रीला परत जाण्याचे ठिकाणच उरले नाही, तिने त्या गावी दिवस काढावेत, यातील विसंगती ग्रंथकर्त्रीने कोठेही अधोरेखित केलेली नाही. पुढे त्या पतीकडे जातात, पण प्रारंभी स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी वेगळे ठेवतात. जलालपूरच्या माहेरी वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात त्या वाढल्या होत्या. हे अंतर कोणत्याही दौऱ्याच्या मैलांत मोजता येणारे नाही. एकाच छपराखाली दोन स्वयंपाकघरे आणि मध्ये काही पावले, पण ती पावले टाकण्यास त्यांना वेळ लागला. अखेरीस त्यांना प्रश्न पडतो तो जातीचा : ही व्यवस्था देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांच्या देहांत तसा भेद दिसला असता, अशा अर्थाचा त्यांचा विचार आहे. तो कोणा पाद्र्याने शिकवलेला नाही, ग्रंथांतूनही आलेला नाही. ज्या हातांनी त्या सोवळ्याचे पाणी भरीत होत्या त्याच हातांच्या अनुभवातून तो उमटला आहे. १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या क्रमाकडे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे. टिळकांच्या बाबतीत आधी ख्रिस्त येतो आणि मग जात सुटते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी जात सुटते आणि त्या मोकळ्या जागेत ख्रिस्त येतो.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण अपरिहार्य आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मनिवेदनातही वाट आणि भरवसा यांचेच सूत्र आहे. आईवडिलांबरोबरची तीर्थयात्रा, १८७४ च्या सुमारास दुष्काळात झालेले त्यांचे मृत्यू, त्यानंतर भावासह देशभर केलेली पायपीट, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन आणलेल्या निराधार मुली. रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालविण्याचा म्यूलर यांचा आदर्श केडगावच्या मुक्ती मिशनच्या मुळाशी आहे. तथापि रमाबाईंच्या भरवशाला हिशेब असतो. किती तोंडे आहेत आणि किती धान्य लागेल हे त्यांना ठाऊक असते आणि ते ठाऊक असूनच त्या प्रार्थना करतात. टिळकांचा भरवसा हिशेबाच्या अलीकडचा आहे. घरातील पैसे गरजूला देऊन टाकणारा माणूस थोर असतोच, परंतु त्यानंतर दुकानदाराशी बोलावयाचे कोणी? रमाबाईंच्या ठिकाणी प्रार्थना करणारी आणि धान्य मोजणारी व्यक्ती एकच आहे. टिळकांच्या संसारात ही दोन कामे दोघांत विभागली गेली. श्रेय एकाच्या नावे जमा झाले आणि कष्ट दुसरीच्या.

हा प्रश्न १९१७ साली तीव्र होतो. टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त जीवन पत्करले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारी ही कल्पना तिच्या काळाच्या कितीतरी पुढे होती. परकीय मिशनच्या पैशावर उभी असलेली मंडळी भारतीय होऊ शकत नाही हे टिळकांना उमगले होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि कीर्तन हेच त्यांच्या प्रचाराचे प्रिय साधन होते. म्हणून या त्यागाला केवळ लहर म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची किंमत त्यांनी स्वतःही मोजली. मात्र संन्यास ही ज्या परंपरेतील संस्था आहे, त्या परंपरेतही संन्याशाच्या पत्नीचे काय, या प्रश्नाचे उत्तर नेहमीच अवघड राहिले आहे. ख्रिस्ती झालेल्या संन्याशाने त्या प्रश्नाचे नवे उत्तर शोधले असते तर बरे झाले असते, असे 'स्मृतिचित्रे' वाचताना वाटत राहते. माझ्या वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थी टिळकांच्या निघून जाण्यावर मनमोकळे हसतात. एकदा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घरभाडे कोण भरत होते?" त्या तासाला पुढे हशा झाला नाही.

अर्थात या वाचनाचा एक धोका मला दिसतो. आजच्या स्त्रीवादी जाणिवेने आपण लक्ष्मीबाईंच्या तोंडी त्यांनी न केलेली तक्रार घालू शकतो. त्यांचे पतीवरील प्रेम हे दडपणाचे दुसरे नाव नव्हे. त्या चिडतात, भांडतात, रडतात आणि पुन्हा त्या माणसाच्या वेडेपणात सामील होतात. शिवाय त्यांचाही ईश्वरावर भरवसा आहे, केवळ त्याची जात निराळी. टिळक घराबाहेर पाऊल टाकताना भरवसा ठेवतात. लक्ष्मीबाई दार उघडे ठेवून भरवसा ठेवतात : जो येईल त्याला जेवू घालावयाचे, परक्यांची मुले आपल्या मुलांत वाढवावयाची, आणि उद्याचे उद्या पाहावयाचे. या आतिथ्याला मिशनच्या अहवालात दौऱ्याइतकी जागा मिळाली नसती. ग्रंथात मात्र त्यालाच सर्वाधिक जागा आहे. उलट प्रार्थना, पश्चात्ताप, पापाची जाणीव या परिचित खुणा येथे विरळ आहेत. त्यामुळे भक्तिपर चरित्रे वाचण्याची सवय असलेल्या वाचकाची निराशा होईल. मला ही उणीव वाटत नाही, पण ती उणीव मानणाऱ्याशी मी वादही घालणार नाही.

टिळकांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंची वाट थांबली नाही. त्या मुलाबरोबर कराचीपर्यंत गेल्या. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेऊन त्यांनी त्याचे ६४ अध्याय रचले. म्हणजे त्या महाकाव्याचा बहुतांश भाग त्यांचा आहे. तरीही ते टिळकांचे काव्य म्हणूनच अधिक ओळखले जाते.

'स्मृतिचित्रे'च्या इंग्रजी अवतारांची शीर्षके या संदर्भात बोलकी आहेत. जोसेफीन इंक्स्टर यांच्या १९५० च्या अनुवादाचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागोमाग येते. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाच्या उपशीर्षकात तेजस्वी पत्नीच्या आठवणी असा निर्देश आहे. दोन्ही शीर्षके तिला पतीच्या संदर्भात उभी करतात असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु इंक्स्टरबाईंचे तीन शब्द जुन्या इंग्रजी बायबलमध्ये पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतात. तेथे पौल आपण अजून पोहोचलो नसल्याची कबुली देतो आणि ज्याच्या मागे लागल्याचे सांगतो, तो ख्रिस्त आहे. अनुवादाचे मुखपृष्ठ पाहणाऱ्या कितीजणांच्या हे ध्यानी आले असेल? कोणाच्या मागोमाग, हे शीर्षक सांगत नाही.