‘प्रायमॉर्डिया’ची समीक्षा : गुणांकन आणि मूल्यमापन

व्हिडिओ गेम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आता जुना झाला आहे. त्याची समीक्षा कोणत्या निकषांवर करावी, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. ५ डिसेंबर २०१२ रोजी प्रसिद्ध झालेला ‘प्रायमॉर्डिया’ हा खेळ आणि त्याचे झालेले स्वागत या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. समीक्षकांनी त्याला मध्यम प्रतीचा ठरविले. खेळणाऱ्यांनी त्याला वर्षानुवर्षे जपले. ही तफावत का पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा खेळ ‘पॉइंट-अँड-क्लिक’ प्रकारातील आहे. पडद्यावरील वस्तूंवर माऊसने टिचकी मारायची, हाती लागलेल्या वस्तू एकमेकींशी जोडायच्या, पात्रांशी बोलायचे आणि कोडी सोडवीत कथा पुढे न्यायची, असे त्याचे स्वरूप असते. १९९० च्या आसपास भरभराटीला आलेला हा प्रकार त्या दशकाच्या अखेरीस मागे पडला. पुढे हौशी मंडळींनी ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या साधनाच्या आधारे तो जिवंत ठेवला. ‘प्रायमॉर्डिया’ याच साधनावर घडला. वर्मवुड स्टुडिओज या लहानशा गटातील मार्क योहालेम यांनी लेखन, व्हिक्टर फ्लूग यांनी चित्रे आणि जेम्स स्पॅनोस यांनी प्रोग्रॅमिंग केले. प्रकाशन न्यूयॉर्कच्या वॅजेट आय गेम्सने केले. चित्रे जाणीवपूर्वक जुन्या धर्तीची, अवघ्या ३२० बाय २०० बिंदूंची आहेत.

कथा मानवजात नाहीशी झाल्यानंतरची आहे. वाळूत रुतलेल्या एका जुन्या यानात होरेशियो नावाचा यंत्रमानव राहतो. सोबतीला क्रिस्पिन हा त्याने स्वतः घडविलेला, थट्टेखोर, तरंगता यंत्रमानव आहे. एक आडदांड यंत्र येऊन त्यांचा ऊर्जास्रोत हिरावून नेते. त्याच्या शोधात दोघे मेट्रोपोल या शहरी पोहोचतात. तेथे सत्ता मेट्रोमाइंड या यंत्राची आहे. होरेशियोजवळ एक ग्रंथ आहे. मनुष्य हाच सर्वांचा निर्माता, ही त्यातील शिकवण. मेट्रोपोलमधील बहुतेकांच्या लेखी मनुष्य ही दंतकथाच आहे.

येथे नावांकडे लक्ष द्यावे. या जगात प्रत्येकाचे आडनाव त्याच्या निर्मात्यावरून पडते. क्रिस्पिन ‘होरेशियोबिल्ट’ आहे, तर न्यायनिष्ठ क्लॅरिटी ‘आर्बिटरबिल्ट’. होरेशियो मात्र ‘नलबिल्ट’, म्हणजे कोणीच न घडविलेला. त्याची ही पाचवी आवृत्ती. आधीच्या चारांची स्मृती त्याला नाही. निर्मात्यावर श्रद्धा असलेला, पण स्वतःचा निर्माता न सांगणारा नायक, हा कथेचा मूळ पेच आहे. चोरीची कथा हळूहळू ओळखीच्या शोधाची कथा होते, ती या पेचामुळेच.

समीक्षकांनी या खेळाला काय दिले? वातावरणनिर्मिती, संवाद आणि आवाज यांची स्तुती बहुतेकांनी केली. होरेशियोला आवाज देणारे लोगन कनिंगहॅम २०११ च्या ‘बॅस्टियन’मधील निवेदनामुळे आधीच परिचित होते. दोष दाखविले गेले ते असे : काही कोडी दुर्बोध आहेत, खेळ लवकर संपतो, रंग तपकिरी व एकसुरी आहेत. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर हा खेळ १०० पैकी सत्तरीच्या घरात राहिला. उलट स्टीम या विक्रीमंचावर मत नोंदविणाऱ्या नव्वद टक्क्यांहून अधिक खेळाडूंनी त्याची शिफारस केली.

काळाची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागते. २०१२ च्याच आरंभी डबल फाइन या संस्थेने नव्या साहसखेळासाठी लोकवर्गणीतून ३३ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात टेलटेलचा ‘द वॉकिंग डेड’ पाच भागांत आला. त्याने कोडी कमी करून नैतिक निवडीवर भर दिला व अनेक पुरस्कार मिळविले. अशा वेळी जुन्या पद्धतीची कोडी घेऊन आलेली कृती गतकाळात रमणारी वाटणे स्वाभाविक होते.

परंतु समीक्षेची खरी चूक वेगळी आहे. चित्रे, आवाज, कथा, कोडी, लांबी असे रकाने पाडून प्रत्येकाला स्वतंत्र गुण दिले गेले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ही पद्धत आणि तिची मर्यादाही ठाऊक आहे : प्रश्नागणिक गुण बरोबर पडतात, पण विद्यार्थ्याची विचाराची दिशा कोणत्याच रकान्यात बसत नाही. ‘प्रायमॉर्डिया’त रचना आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. भंगारातून तुकडे वेचून कामाची वस्तू घडविणे हे कोड्याचे तंत्र आहे, तेच या जगातील जगण्याचेही तंत्र आहे. होरेशियो तुटलेले दुरुस्त करतो. खेळणाराही तेच करतो. जुने साधन, खरबरीत चित्रे आणि गंजलेले रंग ही त्याच विचाराची अंगे आहेत. एकसुरी म्हणून ज्याचे गुण कापले गेले, तो रंग मृत जगाचा आहे.

याचा अर्थ सर्व आक्षेप निराधार होते असा नाही. आकडे व संकेत जुळविण्याची काही कोडी कथेच्या ओघातून येत नाहीत. तेथे खेळणारा होरेशियो राहत नाही, नुसता परीक्षार्थी होतो. अडल्यावर क्रिस्पिनला विचारून सूचना मिळविण्याची सोय आहे. तरीही हा उणेपणा पुरता झाकला जात नाही. शिवाय ज्या निकषाने कोडे आणि कथा यांच्या एकरूपतेचे श्रेय द्यायचे, त्याच निकषाने ती तुटते तेथे दोषही द्यावा लागतो. तोच निकष पुढे नेला तर खेळाचे एकाहून अधिक शेवटही आतून उलगडतात. मेट्रोमाइंडला शरण जायचे की विरोध करायचा, आणि सोबत्यांचे काय होऊ द्यायचे, या निवडींतून ‘नलबिल्ट’ स्वतःला काय घडवितो ते ठरते.

वर्मवुडचा ‘स्ट्रेंजलँड’ २०२१ मध्ये आला. पहिल्या कृतीचा वाचकवर्ग टिकून होता, तो परीक्षणांतील आकड्यांमुळे नव्हे. आकडा खरेदी करावी की नाही एवढेच सांगतो. कृती काय म्हणते हे सांगणे समीक्षेचे काम आहे. साहित्याच्या वर्गात कादंबरीबाबत जो विवेक शिकविला जातो, तोच या नव्या माध्यमालाही लागू करावा लागेल. तसे न झाल्यास अल्प साधनांनी, गंभीरपणे घडविलेल्या कृती सत्तरीच्या घरातच पडून राहतील.