मोहरीचा निकष
सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) मधील होल्डन आणि नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग यांची तुलना बहुधा बंडखोरीच्या अंगाने होते. आमच्या मते दोघांच्या अस्वस्थतेचे मूळ भावंडाच्या मृत्यूत आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन गेली. अट्ठकथेतील किसागोतमी मोहरीसाठी दारोदार हिंडली, तेव्हा मरण घरोघरी आहे हे तिला उमगले. होल्डन बहीण फीबीसाठी पळून जाण्याचा बेत सोडतो. निदान एका दारापर्यंत तो पोहोचतो. पांडुरंग गावी परततो, परंतु त्याचा शोक एकाकीच राहतो. बंडाहून करुणेचा हा निकष आम्हांस अधिक मूलगामी वाटतो.