गुहेतलं संशोधन: आधी परतीची हवा, मग नमुना

पाण्याने भरलेल्या गुहेत उतरून संशोधन कसं करायचं, हे शिकवणाऱ्या विद्यापीठीय कोर्सची गरज खरी आहे. रेमिपीडिया हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला अख्खा वर्ग १९८१ मध्ये विज्ञानाला कळला, तो जिल येगर बहामाच्या गुहेत उतरल्या म्हणून.

मग माझा आक्षेप कशावर? विषयाच्या मांडणीवर. शेक एक्सली यांनी अपघात तपासून १९७९ मध्ये नियम मांडले: बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी हवी, आणि आत जाताना हवेचा एक तृतीयांशच हिस्सा वापरायचा. हे नियम ‘सुरक्षितता’ म्हणून एकीकडे आणि नमुने घेणं ‘संशोधन पद्धती’ म्हणून दुसरीकडे शिकवलं, की गडबड होते.

कारण तुम्ही किती आत जाणार, किती नमुने घेणार, हे तो एक तृतीयांशच ठरवतो. म्हणजे तो तुमच्या मेथडॉलॉजीचाच भाग झाला ना? दहा नमुने ठरवलेत आणि चौथ्यालाच तो हिस्सा संपला, तर तिथूनच मागे फिरायचं. चार नमुन्यांवरून काय म्हणता येईल, हे उतरण्याआधी ठरलेलं हवं. नाहीतर अपुरा डेटाच तुम्हाला आत ओढतो.

असा कोर्स निवडताना एवढंच विचारा: वेळेत मागे फिरून रिकाम्या हाताने आलेल्या विद्यार्थ्याला इथे पूर्ण मार्क मिळतात का?