जर्मन नोबेल-मानकरी आणि वऱ्हाडी वाचक : हाउप्टमान यांच्या ‘विणकर’ नाटकाच्या निमित्ताने

जर्मनीच्या नोबेल-मानकऱ्यांविषयी मराठीत जे लेखन होते त्याचे स्वरूप बहुधा यादीचे असते. १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले पारितोषिक रोंटगेन यांना, वैद्यकाचे बेहरिंग यांना. १९०२ मध्ये साहित्याचे इतिहासकार मोमसेन यांना. पुढे कॉख, प्लांक, आइनस्टाइन, टोमास मान, ब्योल, ग्रास. स्पर्धापरीक्षांच्या दृष्टीने ही यादी उपयुक्त असेल. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती फारसे काही देत नाही. प्रस्तुत निबंधात या यादीतील एकाच नावाकडे, १९१२ चे मानकरी गेऱ्हार्ट हाउप्टमान यांच्याकडे, कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील वाचकाच्या भूमिकेतून पाहावयाचे आहे.

तत्पूर्वी ‘जर्मन’ या विशेषणाविषयी थोडे. १९४६ चे मानकरी हेर्मान हेस जन्माने जर्मन, पण पारितोषिकाच्या वेळी स्विस नागरिक होते. १९६६ च्या नेली झाक्स बर्लिनच्या. त्यांना स्वीडनचा आश्रय घ्यावा लागला. टोमास मान यांना १९२९ मध्ये पारितोषिक मिळाले आणि १९३६ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. हेच वर्ष अमरावतीकरांच्या स्मरणात वेगळ्या कारणाने आहे. त्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच काळात त्याच शहरात कार्ल फॉन ऑसिएत्स्की हा पत्रकार छळछावणीतील यातनांनी खंगून पोलिसांच्या पहाऱ्यात रुग्णालयात पडून होता. नोव्हेंबरमध्ये त्याला १९३५ चे शांतता पारितोषिक जाहीर झाले. १९३७ च्या जानेवारीत हिटलरने जर्मनांना नोबेल स्वीकारण्यास बंदी केली आणि पुढे कून, बुटेनांट व डोमाक या तीन वैज्ञानिकांना पारितोषिक नाकारावे लागले. आपल्या मंडळाच्या बर्लिनवारीचा गौरव करताना ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. ती सांगितल्याने गौरव उणावतो असे मला वाटत नाही.

मराठी रंगभूमीने जर्मन नाटककार स्वीकारताना पारितोषिकाचा विचार केला नाही, हेही येथे नोंदवावे. चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ ज्या ब्रेख्टवरून आले, त्याला नोबेल कधीच मिळाले नाही. टोमास मान यांची ‘अदलाबदल झालेली मस्तके’ ही दीर्घकथा मुळात आपल्याच वेतालकथेवर आधारलेली; ती गिरीश कार्नाड यांच्या कन्नड ‘हयवदन’मार्गे मराठीत परतली. हाउप्टमान मात्र आपल्या नाट्यचर्चेत क्वचितच येतात. वऱ्हाडापुरते तरी हे दुर्लक्ष अनाकलनीय आहे.

‘विणकर’ हे नाटक १८९२ चे. विषय १८४४ चा सायलेशियातील हातमाग-विणकरांचा उठाव. हाउप्टमान यांचे आजोबा तरुणपणी मागावर बसत. त्यांच्या कथा सांगणाऱ्या वडिलांना नाटक अर्पण केलेले आहे. पोलिसांनी सार्वजनिक प्रयोगांस बंदी घातली, म्हणून १८९३ मध्ये पहिला प्रयोग खाजगी मंडळापुरता झाला. पुढील वर्षी बर्लिनमधील सार्वजनिक प्रयोगानंतर सम्राटाने त्या नाट्यगृहातील आपली राखीव जागा सोडून दिली.

पहिला अंक कारखानदार ड्राइसिगर याच्या पेढीत घडतो. विणकर कापड घेऊन रांगेत उभे आहेत; फायफर नावाचा कारकून ते तपासतो, तोलतो, खोट काढतो आणि मजुरी कापतो. काही पैसे उचल म्हणून मिळावेत यासाठी बायाबापड्या गयावया करतात. एक भुकेला पोर तेथेच कोसळतो. म्हातारा बाउमर्ट याने तर पोटासाठी घरचे कुत्रे मारलेले आहे. ज्याने १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग, ग्रेडरचा हात आणि रखडलेला चुकारा पाहिला आहे, त्याला हा अंक समजावून सांगावा लागणार नाही. तेथे खाजगी मालक होता, येथे शासन. तरीही आपल्या मालाची प्रत दुसऱ्याने ठरवावी ही असहायता एकच. परदेशी बाजारात आपल्या कापसाचा एक वाणच अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. नाव आपले होते, भाव आपल्या हाती नव्हता.

नाटकाला नायक नाही. समूह हाच नायक, असे समीक्षक म्हणतात. ते बरोबर आहे, पण पाचवा अंक त्यात बसत नाही. धर्मभीरू म्हातारा हिल्झे उठावात सामील व्हायला नकार देतो, मागावरून उठत नाही आणि नेमकी त्यालाच भरकटलेली गोळी लागते. नाटक उठावाच्या बाजूचे की विरोधातले, हा वाद येथूनच निघतो. माझ्या मते हाउप्टमान यांनी येथे निर्णय टाळला आणि त्यामुळेच नाटक प्रचारापासून वाचले. पुढे १९३३ नंतर ते जर्मनीतच राहिले, राजवटीने त्यांच्या कीर्तीचा वापर करून घेतला. तेव्हाचे निर्णय टाळणे मात्र इतके क्षम्य नाही.

वऱ्हाडी वाचकाला सर्वांत जवळचा प्रश्न भाषेचा आहे. हाउप्टमान यांनी हे नाटक प्रथम ‘डे वाबर’ या नावाने सायलेशियन बोलीत लिहिले, नंतर प्रमाण जर्मनच्या जवळ आणले. दुसऱ्या संहितेतही विणकर बोली बोलतात, ड्राइसिगर प्रमाण जर्मन. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) निवेदन प्रमाणभाषेकडे झुकते आणि कौतिकचे बोलणे वऱ्हाडी राहते, ही योजना हाउप्टमान यांच्या योजनेहून वेगळी आहे. तेथे भाषेची रेघ दोन वर्गांमध्ये पडते, येथे निवेदक आणि पात्रे यांच्यामध्ये. म्हणून ‘विणकर’ वऱ्हाडीत आणू पाहणाऱ्यापुढे खरी अडचण उभी राहील. आपल्याकडचा अडत्या, मापारी आणि शेतकरी हे तिघेही वऱ्हाडीच बोलतात. ड्राइसिगरच्या तोंडी पुणेरी मराठी घातली तर शोषक बाहेरचा ठरून प्रश्न फार सोपा होईल. वऱ्हाडी घातली तर मुळातील अंतर बोलीच्याच आतील लकबींतून, ‘तू’ आणि ‘तुमी’ यांच्या वापरातून दाखवावे लागेल. मला दुसरा मार्ग अधिक कठीण आणि अधिक खरा वाटतो. पाचव्या अंकाच्या प्रारंभीची हिल्झेची सकाळची प्रार्थना तेवढी अनुवादकाला अवघड जाऊ नये. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तिच्यासाठी भाषा तयार करून ठेवलेली आहे.