मिशनरी जीवनातील श्रद्धा आणि कुटुंब : ‘स्मृतिचित्रे’च्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना :

मराठी आत्मचरित्रांच्या इतिहासात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान सर्वमान्य आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची लोकप्रियता आजही ओसरलेली नाही. तथापि, त्यावरील विवेचन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले दिसते. पहिले अंग साध्या, बोलक्या भाषेचे आणि निर्मळ विनोदाचे. दुसरे अंग एका कर्तबगार स्त्रीच्या आत्मकथनाचे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही. परंतु हा ग्रंथ एका मिशनरी कुटुंबाचा वृत्तान्तही आहे, ही बाब बहुधा तपशील म्हणून बाजूला पडते. वर्गात शिकवितानासुद्धा आपण सोवळ्याओवळ्याचे प्रसंग रंगवून सांगतो, रेव्हरंड टिळकांचा लहरीपणा सांगतो आणि धर्मांतराचे प्रकरण आले की काहीसे घाईने पुढे सरकतो. उलटपक्षी, ख्रिस्ती वाचक याच प्रकरणाकडे एका साक्षीच्या रूपात पाहतो आणि त्याआधीच्या पाच वर्षांच्या ताटातुटीला केवळ प्रास्ताविक मानतो.

या दोन्ही वाचनांत ग्रंथाचा गाभा निसटतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मिशनरी वाङ्मयात कुटुंब हे श्रद्धेसाठी मोजलेले मोल म्हणून येते. ‘स्मृतिचित्रे’त मात्र ते श्रद्धेची कसोटी म्हणून येते. हा फरक स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम महाराष्ट्रात आलेल्या परदेशी मिशनऱ्यांच्या कौटुंबिक जीवनाकडे पाहावे लागेल.

परदेशी मिशनरी आणि त्यांचे कुटुंब :

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. त्यांच्याबरोबर अमेरिकेतून निघालेल्या पहिल्या तुकडीत सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट हेही होते. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू न दिल्यामुळे हे दांपत्य मॉरिशसकडे गेले. प्रवासात जन्मलेले त्यांचे मूल दगावले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएटचाही अंत झाला. तेव्हा तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. तिने प्रचाराचे काम असे काही केलेच नव्हते. तरीही तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली तिची दैनंदिनी व पत्रे अमेरिकेत घरोघर वाचली गेली आणि त्यातून मिशनरी पत्नीचा एक आदर्श तयार झाला. या आदर्शातील स्त्री त्याग करते, सोसते आणि मरते. तिच्या श्रद्धेविषयी अंतिम शब्द मात्र दुसरे कोणी तरी उच्चारते.

गॉर्डन हॉल यांची कथाही याच वळणाची आहे. मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांच्या पत्नीने १८२५ मध्ये दोन मुलांसह अमेरिकेचा मार्ग धरला. त्यांतील एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्याच वर्षी, २० मार्च १८२६ रोजी, नाशिकच्या बाजूस फिरतीवर असताना हॉल पटकीने वारले. पतीचे निधन एका खंडात, पत्नी दुसऱ्या खंडात आणि मूल समुद्रात, असे हे कुटुंब विखुरले. पुढे अहमदनगर येथे ज्यांच्याशी टिळकांचा निकटचा संबंध आला, ते रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत मिशनरी कुटुंबातच झाला. त्यांचे वडील १८५४ मध्ये मायदेशी परतताना प्रवासातच मृत्यू पावले. मुलांचे संगोपन आईने अमेरिकेत केले. तोच मुलगा १८७४ मध्ये मिशनरी होऊन पुन्हा महाराष्ट्रात आला.

या घटनांतील दुःख खरे आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु मिशनच्या लेखनात या दुःखाला एक ठरावीक अर्थ लावला जातो. कार्य ईश्वराचे असल्यामुळे हानी म्हणजे अर्पण, असा तो अर्थ होय. कुटुंबाने कार्यालाच प्रश्न विचारावा, ही शक्यता त्या चौकटीत बसत नाही.

पंडिता रमाबाई : आईचा अधिकार :

ही शक्यता प्रथम ठळकपणे प्रकट झाली ती पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि चर्चमधील वरिष्ठ यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, त्यात धर्ममतांइतकाच मनोरमेच्या संगोपनाचा प्रश्न होता. मुलीला कोणते धार्मिक शिक्षण द्यावयाचे, तिने परकीय चालीरीती कितपत उचलावयाच्या, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, अशी रमाबाईंची भूमिका होती. ही पत्रे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतून असे दिसते की, रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. परंतु आपली श्रद्धा आणि आपले अपत्य संस्थेच्या स्वाधीन केले नाही. अर्थात ही पत्रे खाजगी होती. हाच प्रश्न उघडपणे, मराठी वाचकासमोर आणि तोही विनोदाच्या अंगाने मांडण्याचे श्रेय लक्ष्मीबाईंकडे जाते.

उंबरठ्याशी आलेला परदेश :

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात घेऊन केलेला नव्हता. लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांच्या आश्रयाला होत्या. लहानगा दत्तू पदरी होता. पुढचा काही काळ त्यांनी पंढरपुरास काढला. नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा, सौभाग्य असूनही समाजाच्या दृष्टीने ते संशयित, अशी ही विलक्षण अवस्था होती.

येथे परदेशी मिशनऱ्यांशी असलेला भेद ध्यानात येतो. हॉल किंवा ह्यूम यांच्या कुटुंबांना विभागणारा समुद्र भूगोलातला होता. तो ओलांडला की पलीकडे आपली माणसे होती, आपले चर्च होते, सांत्वन होते. टिळक कुटुंबाचा समुद्र स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी होता. एकाच भाषेत बोलणारी, एकाच ओव्या-अभंगांवर वाढलेली दोन माणसे एका पंक्तीला बसू शकत नव्हती. टिळकांनी देश सोडला नाही, उलट तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. तरीही घराच्या दृष्टीने ते परदेशी गेलेच होते.

लक्ष्मीबाईंच्या निवेदनाचे वैशिष्ट्य असे की, त्या ही ताटातूट अर्पण म्हणून मांडत नाहीत. टिळकांवरील त्यांचे प्रेम पानोपानी जाणवते. परंतु ‘ईश्वरी कार्य’ म्हणून पतीचे वागणे त्या एकदाही तपासणीबाहेर ठेवत नाहीत. घरातली वस्तू सहज कोणास देऊन टाकणारा, न सांगता निघून जाणारा, क्षणात रागावून क्षणात विरघळणारा हा पुरुष संत आहे की बेजबाबदार गृहस्थ, हा प्रश्न त्या वाचकापुढे उभा करतात आणि उत्तर त्याच्यावर सोपवितात. त्यांचा विनोद हा या तपासणीचे साधन आहे. त्याला केवळ स्वभावविशेष म्हणणे म्हणजे त्याची धार बोथट करणे होय.

त्यांचे स्वतःचे धर्मांतरही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. अहमदनगरला पतीजवळ येऊनही त्यांनी आरंभी आपले सोवळे व वेगळा स्वयंपाक सोडला नाही. बालपणी वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचा जाच सोसलेल्या स्त्रीला सोवळे सोडणे सोपे जावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांना पटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर स्वतःशी केलेल्या विचाराने. तो विचार अन्नाचा आणि पाण्याचा होता. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय आधी झाला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा नंतर झाला. पती धर्मग्रंथाकडून घराकडे आला, तर पत्नी घराकडून धर्माकडे गेली. दोघांची श्रद्धा एक झाली. परंतु तिच्या वाटा भिन्न राहिल्या.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. मिशनच्या इतिहासात ही घटना भारतीय ख्रिस्ती स्वातंत्र्याची खूण मानली जाते आणि ते योग्यच आहे. पण वेतन सुटले म्हणजे चूल कशी पेटवावयाची, हा प्रश्न त्या स्वातंत्र्याच्या पोटात होता. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. अल्पशिक्षित पत्नीने विद्वान पतीचे महाकाव्य पूर्ण करावे, यात निष्ठा आहेच. शिवाय आपल्या श्रद्धेविषयी अंतिम शब्द आपणच उच्चारण्याचा निर्धारही आहे. हॅरिएट न्यूएलच्या आदर्शाला याहून समर्पक उत्तर नाही.

एक मर्यादा आणि मराठवाड्याचा संदर्भ :

‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण मान्य करूनही एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. धर्मांतर म्हणजे कुटुंबाची फाटाफूट, हे समीकरण मुख्यतः उच्चवर्णीय अनुभवातून आलेले आहे. आपल्या मराठवाड्याशी संबंधित उदाहरण नारायण शेषाद्री यांचे घेता येईल. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेलेला सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने वडिलांच्या ताब्यात गेला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी मंडळींनी मोठा विरोध केला. एका कुटुंबाचा प्रश्न साऱ्या मुंबईचा प्रश्न झाला.

हेच शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातील जालना येथे मिशनरी म्हणून आले. त्या काळी जालन्याप्रमाणेच नांदेड, औसा, उदगीर हा सारा मुलूख त्याच राज्यात होता. मुंबई इलाख्यातून येथे येणे म्हणजे दुसऱ्या राज्याची हद्द ओलांडणेच होते. जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे आलेली बहुसंख्य माणसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होती. अहमदनगर जिल्ह्यातील चर्चचीही हीच स्थिती होती. या समाजांत अनेकदा घरेच्या घरे धर्मांतरित झाली. त्यांच्यापुढे ताटातुटीपेक्षा वतन, गावकी आणि नातेसंबंध कसे टिकवावयाचे, हे प्रश्न होते. त्यांतील कोणा स्त्रीचे ‘स्मृतिचित्रे’ त्या काळात लिहिले गेले नाही. लक्ष्मीबाईंना लेखणीपर्यंत पोहोचता आले, यामागे त्यांची जिद्द होती, तसेच त्यांच्या जन्मघराची सामाजिक स्थितीही होती. हे लक्षात ठेवूनच त्यांचा ग्रंथ शिकविला पाहिजे.

निष्कर्ष :

१. परदेशी मिशनऱ्यांच्या चरित्रपर लेखनात कौटुंबिक हानीला अर्पणाचे रूप दिले जाते. त्यामुळे कुटुंबाचा स्वतंत्र आवाज लोपतो.

२. पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांनी अनुक्रमे आईच्या आणि पत्नीच्या नात्याने हा आवाज परत मिळविला. दोघींनीही श्रद्धा नाकारली नाही. ती स्वतः पारखून घेतली.

३. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद आणि धर्मविचार वेगळे काढता येत नाहीत. एक गाळून दुसरे शिकविल्यास ग्रंथावर अन्याय होतो.

४. ग्रामीण, दलित ख्रिस्ती कुटुंबांचा अनुभव या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहतो. मराठवाड्यातील अभ्यासकांनी आपल्या परिसरातील अशा कुटुंबांच्या मौखिक आठवणी नोंदविण्याचे काम हाती घेतल्यास ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनालाही नवे परिमाण लाभेल.

श्रद्धा ही एकट्याची असू शकते. संसार एकट्याचा नसतो. लक्ष्मीबाईंनी पतीच्या देवाला प्रथम आपल्या घराचे प्रश्न विचारले आणि मगच त्याला आपले मानले. त्यांच्या श्रद्धेचे बळ याच क्रमात आहे.