टेहळणी विमानांचे रंग व चित्रकारांची साक्ष

दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या मुलुखाचीं छायाचित्रें घेण्यास धाडलेल्या विमानांचीं रंगीत चित्रें अलीकडे पुष्कळ प्रसिद्ध होतात. तीं देखणीं असतात, यांत वाद नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, निळ्याची जी छटा चित्रकार बिनदिक्कत भरतो तिला आधार कोणता, हें तो सांगत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं पोथ्या आहेत त्यांस हा दोष नवा वाटणार नाहीं. मूळ प्रत न पाहतां नकलेवरून पाठ ठरविण्याचाच हा प्रकार.

या विमानांपैकीं बहुतेकांवर बंदुका नसत. उंची, वेग आणि रंग हेंच त्यांचें चिलखत. इ. स. १९३९ मध्यें सिडनी कॉटन यानें इंग्लंडांत हा उद्योग आरंभिला तेव्हां विमानास फिकट हिरवट रंग दिला होता. पुढें फार उंचावरून जाणाऱ्यांस राखी झांक असलेला निळा ठरला, आणि ढगांच्या खालून जाणाऱ्या कांहींस गुलाबी. गुलाबी युद्धविमान म्हटलें कीं हंसूं येतें खरें, पण पहाटेच्या ढगांत तें मिसळून जाई.

हिंदुस्थानांत निराळाच पेंच पडला. जपानी विमानावर तांबडा गोळा असे. घोटाळ्यानें आपलेंच विमान पाडलें जाऊं नये म्हणून ब्रिटिश विमानांच्या वर्तुळांतील तांबडा मध्य काढण्यांत आला. त्या जागीं आधीं पांढरा व पुढें फिकट निळा रंग आला. इ. स. १९४३ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ डमडम येथें उभारलेल्या ६८१ व्या स्क्वाड्रनचीं विमानें ब्रह्मदेशावर जात. त्यांपैकीं एकाद्याचें म्हणून १९४४ चें चित्र दिलें असून त्यांत तांबडा ठिपका असेल, तर वाचकानें खुशाल शंका घ्यावी. मात्र हुकूम सुटणें आणि प्रत्येक विमानावर तो अमलांत येणें यांत अंतर असतेंच. म्हणून हुकुमाचा कागद हाही एकटा पुरेसा पुरावा नव्हे.

मग उरतें समकालीन छायाचित्र, आणि खरी फसगत येथेंच होते. जुन्या एका जातीच्या फिल्मेस तांबडा दिसत नाहीं. तिजवर तांबडें तें काळें उमटतें व निळें तें फिकट. हिंगुळानें आंखलेल्या पोथीची तसली प्रतिमा ज्यानें पाहिली असेल त्यास तांबडे दंड काळ्या शाईंत कसे हरवतात हें ठाऊकच आहे. दुसऱ्या जातीच्या फिल्मेवर सर्व रंग उमटतात, तरी गर्द कड्यांतील मध्य तांबडा कीं फिकट निळा, हें करड्या छटेवरून सांगणें जोखमीचेंच. निळें विमान पहिल्या फिल्मेवर रुपेरी भासतें. फिल्म कोणती, याचा निर्णय झाल्यावांचून रंगाचा निर्णय नाहीं. कै. डॉ. सुखटणकरांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रतींची परंपरा आधीं ठरविली, पाठ मागाहून. तीच शिस्त येथें हवी.

प्रत्यक्ष विमान हाच अस्सल कागद, असें कोणी म्हणेल. तर पी. ए. ९०८ क्रमांकाचें स्पिटफायर पाहावें. हें छायालेखक विमान हिंदुस्थानांत होतें. पुढें तें अमेरिकेंत डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत गेलें, आणि तेथें त्यास अमेरिकेच्या चौदाव्या छायालेखक स्क्वाड्रनच्या विमानाचा वेष देण्यांत आला. यांत लबाडी कांहींच नाहीं. आपल्या इतिहासाची एक बाजू लोकांपुढें मांडण्याचा तो उजळ प्रयत्न आहे. परंतु पोथी एका घराण्याची आणि पुष्पिका दुसऱ्याची, असें झालें. हिंदुस्थानांतल्या त्याच्या मुक्कामाची खूण पाहणाऱ्यास त्या रंगांत सांपडणार नाहीं.

युद्धकाळीं हवाई दलांत रंगाचें किंवा दुरुस्तीचें काम केलेल्यांच्या घरीं वह्या, रंगांच्या याद्या, तारखेसह छायाचित्रें अद्याप असण्याचा संभव आहे. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांच्या नकला त्रैमासिकाकडे पाठवाव्या, आणि छायाचित्राची मूळ फिल्म असल्यास ती धुऊन-पुसून ‘स्वच्छ’ मात्र करूं नये.

बार्शी