दहा मोजायच्या आत

तिच्या पहिल्या वर्षी समोरच्या संघांना तिच्याविषयी एवढंच कळलेलं पुरायचं, की हिला फोरहँड टाकू द्या. अल्टिमेट फ्रिस्बीत डिस्क हातात आली की पळता येत नाही. एक पाय रोवायचा, त्याच्याभोवती फिरायचं आणि टाकायचं. पुढ्यात उभी राहणारी मार्कर मैदानाची एक बाजू अंगाने झाकते आणि दुसरी मोकळी सोडते. तिच्यासाठी सगळ्याजणी उजवी बाजू सोडायच्या, कारण तिकडे टाकायला फोरहँड लागतो आणि तिचा फोरहँड हवेत डुगडुगत जायचा. गेल्या वसंतात मात्र तिच्यासमोर आलेल्या मार्कर क्षणभर घुटमळताना दिसू लागल्या. काही संघांनी तर बाजूच बदलली, उजवी झाकली आणि डावी सोडली. गोल, असिस्ट, ब्लॉक यांचे तिच्या नावावरचे आकडे साधेच आहेत. पण प्रतिस्पर्धी कुठे उभी राहते यातून तिची दोन वर्षांची मेहनत वाचता येते, आणि मला हे वाचन आकड्यांपेक्षा खरं वाटतं.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या महिला संघातली ही खेळाडू आता तिसऱ्या वर्षाला आहे. नाव देत नाही. ती विद्यार्थिनी आहे, आणि तिच्या खेळाबद्दल बोलायला नावाची गरजही नाही. हा खेळच विद्यार्थ्यांनी घडवलेला आहे. १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमधल्या मुलांनी तो सुरू केला आणि ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला. बरोबर १०३ वर्षांपूर्वी त्याच तारखेला, त्याच जागेवर, याच दोन संस्थांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा पहिला महाविद्यालयीन सामना झाला होता. रटगर्स दोन्ही वेळा जिंकलं, आणि दोन्ही वेळा फरक दोनाचाच. त्या फुटबॉलचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. अल्टिमेट बहुतेक विद्यापीठांत आजही क्लबच्या पातळीवर आहे. वर्गणी काढायची, गाड्या वाटून घ्यायच्या, सराव आपणच लावायचा. शाळेत भलताच खेळ खेळून आलेली मुलगी इथे पहिल्याच वर्षी संघात येऊ शकते. आपली खेळाडू आली ती धावण्याच्या शर्यतींतून.

त्यामुळे पाय तयार होते आणि हात कोरे होते. पहिलं वर्षभर तिला बचावाच्या फळीत ठेवलं, ते योग्यच झालं. प्रतिस्पर्ध्याच्या मागे पळायचं, लांब टाकलेल्या डिस्कखाली पोहोचायचं, उडी मारायची. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते यालाच. पण तेव्हाच्या तिच्या पळण्यात एक आंधळेपणा होता. मोकळी जागा दिसली की ती तिकडे सुटायची. डिस्क हातात असलेलीला त्या घडीला तिथे टाकता येणार आहे का, हा प्रश्न तिच्या धावण्यात नव्हता. चांगल्या वेगाने, चुकीच्या वेळी, योग्य जागी ती पुष्कळदा पोहोचली.

आता फोरहँडकडे येऊ. बॅकहँड कुणालाही थोडाफार येतो. समुद्रकिनाऱ्यावर चकती फेकणारं पोरही तोच टाकतं. फोरहँड शिकावा लागतो. दोन बोटं डिस्कच्या आत, त्यातलं मधलं बोट आतल्या कडेला घट्ट टेकलेलं, कोपर शरीराजवळ, आणि सगळं काम मनगटाच्या एका झटक्याचं. १७५ ग्रॅमची ती डिस्क हवेत स्थिर राहते ती फिरकीमुळे. फिरकी कमी आणि दंडाचा जोर जास्त झाला की ती डुगडुगते. नवशिक्या खेळाडू नेमकी हीच चूक करतात, लांब टाकायचं म्हणून हात फेकतात. तिनेही तेच केलं. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यानंतर पाहिलं तर हात आखडता झालेला आणि मनगट मोकळं सुटलेलं होतं. गंमत अशी की त्यामुळे डिस्क जास्त लांब जाऊ लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती खाली वाकून, गुडघ्याच्या उंचीवरून टाकायला शिकली. समोरचा वारा डिस्कच्या पुढच्या कडेखाली शिरला की ती वर चढते, थबकते आणि बचावणारीच्या हातात पडते. खालून, कड किंचित दाबून, भरपूर फिरकीने टाकलेली डिस्क वाऱ्याला तेवढी जागाच देत नाही. मार्चमधल्या स्पर्धांत वारा हा आठवा प्रतिस्पर्धी असतो, म्हणून हे शिक्षण लहान नाही.

तरीही तिच्या खेळातलं मला सर्वांत आवडलेलं काही असेल तर तो फोरहँड नव्हे, गेल्या मे महिन्यातल्या विभागीय स्पर्धेतला एक गुण आहे. सामना १५ पर्यंतचा, तिचा संघ १२–१३ असा मागे. डिस्क तिच्या हातात आली ती मैदानाच्या उजव्या कडेला, अगदी रेषेलगत. जागा वाईट. मार्कर डावीकडून अंगावर आलेली, मैदान झाकलेलं, उजवीकडे नुसती रेषा. मोजणी सुरू झाली. मार्कर मोठ्याने आकडे म्हणते आणि दहा म्हणायच्या आत डिस्क सुटली नाही तर ती समोरच्या संघाची होते. दोनवर पुढे एक सहकारी आपल्या बचावणारीला दोन पावलं मागे टाकून सुटलेली दिसली. पहिल्या वर्षीच्या हिने लांब फेकलंच असतं, आणि मैदानाबाहेरच्या अर्ध्या लोकांना ते तेव्हाही हवं होतं. हिने खांदे वळवले, हात मागे नेला, आणि टाकलं नाही. खो-खोत पळणारी खांबापाशी हूल देते, तशी ही हूल होती. नजरेसकट सगळं शरीर तिकडे जाणार असं सांगत होतं. मार्करचा तोल किंचित ढळला. चार, पाच. मागे आधाराला उभी असलेली सहकारी मधल्या भागाकडे सरकू लागली. सहावर हिने पाय आत टाकून, मार्करच्या हाताखालून, डावीकडे झुकत जाणारा जेमतेम पाच यार्डांचा फोरहँड सोडला. झाकलेल्या बाजूला.

इथपर्यंत कौशल्य आहे. रसिकाने थांबावं ती जागा यापुढची. फोरहँड भेदून गेला म्हणून मार्कर साहजिकच मागे वळून डिस्ककडे पाहू लागली. त्याच क्षणी ही रेषेलगत पुढे सुटली होती. पास पोहोचायच्या आधी तिचं दुसरं पाऊल पडलं होतं. शर्यतीतली मुलगी ती, दोन पावलांची आघाडी तिला पुरते. डिस्क तिच्याकडे परत आली तेव्हा पुढचं मैदान उघडं पडलं होतं, बचावाच्या सगळ्या फळीला धावत मागे यावं लागत होतं. तिने सहज, सरळ एक पास दिला. त्या सहकारीने पुढे गोलसाठी टाकला. नोंदवहीत त्या गुणापुढे दोन नावं आली आणि दोन्ही तिची नव्हती.

त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. तिने गोलच्या रेषेपाशी झेप घेऊन डिस्क पकडली. तिचा संघ ओरडत आत धावला. तिने उठायच्या आधीच हाताने रेषेबाहेरची खूण केली: पाय बाहेर पडला होता. या खेळात पंच निर्णय देत नाहीत, खेळाडू आपसात ठरवतात. मोठ्या सामन्यांत निरीक्षक असतात, पण वादाचा निवाडा ते विचारल्यावरच करतात. म्हणून खरं बोलणं ही इथे अपेक्षाच असते आणि त्याचं वेगळं कौतुक कुणी करत नाही. मला भावलं ते त्यातलं विनासायासपण. तिने कुणाकडे पाहिलं नाही, क्षणभर हिशेब केला नाही. विद्यापीठ पातळीवरचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, १९९६ पासून दिला जाणारा कॅलहान पुरस्कार, खेळाडूंच्याच मतांनी ठरतो, आणि त्यात कौशल्याबरोबर नेतृत्व आणि खिलाडूपणाही पाहिला जातो. ऑरेगन विद्यापीठाच्या हेन्री कॅलहानच्या नावाचा हा पुरस्कार. त्याच्या यादीत ती कधी येईल असा दावा मी करत नाही. पण हा सन्मान ज्या वृत्तीला दिला जातो ती अशीच दिसत असणार.

आता पुढचा हंगाम. मागच्या वर्षीच्या दोन्ही प्रमुख हँडलर पदवी घेऊन गेल्या, आणि डिस्क खेळवण्याचं काम तिच्याकडे येणार हे उघड आहे. ते तिने मिळवलं आहे. माझी काळजी वेगळी आहे. हात सुधारलेल्या खेळाडूला संघ मागे उभं करतात: तू टाक, बाकीच्या पळतील. वाऱ्यात समोरचा संघ झोन लावतो, तिघीजणी डिस्कभोवती कोंडाळं करतात, आणि मागच्या हँडलरने इकडून तिकडे शांतपणे पास देत फट शोधायची असते. हे तिला जमेल. पण वर्षभर तिला तेवढंच करायला लावलं तर त्या मे महिन्यातल्या गुणाचा अर्धा भाग पुसला जाईल, पास टाकून स्वतः सुटण्याचा. तिच्यासारखे पाय असलेल्या हँडलर विरळ असतात. मधल्या फळीत ठेवा, मागे येऊन डिस्क घेऊ द्या, पण पुढे जायची मुभा काढून घेऊ नका, असं मी प्रशिक्षक असतो तर सांगितलं असतं.

तिच्यात उणीवही आहे. डावीकडून, मार्करला वळसा घालून जाणारा तिचा बॅकहँड अजून उंच सुटतो. जे संघ आता तिची उजवी बाजू झाकतात त्यांना हे कळलेलं आहे. शिवाय ती मैदानात फार कमी बोलते. पुढे पळून डिस्क घेणाऱ्या कटरला तेवढं चालतं. हँडलरला सहा जणींना हलवायचं असतं.

आणि वाट सोपी नाही. मेच्या अखेरीस होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या श्रेणीत २० संघ खेळतात. १० विभागांना एकेक जागा नक्की असते. उरलेल्या १० जागा हंगामभरातल्या क्रमवारीतून मिळतात, आणि त्या मिळतात विभागाला, संघाला नाही. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हिच्या संघाने कमावलेली जागा मेमध्ये शेजारचा संघ जिंकून नेऊ शकतो. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण तिच्यात हिवाळ्यानंतरच्या एखाद्या गारठलेल्या शनिवारच्या चौथ्या सामन्यालाही वजन राहतं. थकलेल्या पायांनी, सुन्न बोटांनी खेळलेल्या त्या सामन्यांतच तिचा नवा खेळ ठरणार आहे. तिचा फोरहँड तिथे टिकेल याची मला खात्री आहे. मी पाहणार आहे ते डिस्क हातातून सुटल्यानंतरचं तिचं दुसरं पाऊल.